नावांच्या हद्दीचा फेरफार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची जी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहावयाची आहे, तिच्यासारख्या वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींचे विश्लेषण बव्हंशी पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेल्या आज्ञावलींनी होते. आणि याच भाषेने 2001 साली आपल्या एका मूलभूत नियमात केलेला फेरफार अभ्यासण्याजोगा आहे.

तोवर एका फंक्शनच्या पोटात दुसरे लिहिले, आणि आतल्याला एखादे नाव स्वतःच्या हद्दीत गवसले नाही, तर ते बाहेरच्या फंक्शनकडे न पाहता थेट संपूर्ण फाइलीच्या दप्तरात शोधले जाई. गावची तक्रार तहसील वगळून परस्पर जिल्ह्याच्या कचेरीत जावी, तसा हा कारभार. मधली पायरी जोडावी, असे जेरेमी हिल्टन यांनी सुचविले. परंतु समजा, बाहेरच्या फंक्शनात ‘एसटीआर’ नावाचा चल आहे आणि आतले फंक्शन त्याच नावाची भाषेची अंगभूत सोय वापरीत आहे, तर एक अक्षरही न बदलता जुन्या आज्ञावलीचा अर्थ पालटणार!

म्हणून एप्रिल 2001 च्या 2.1 आवृत्तीत नवा नियम, ज्यांनी फाइलीच्या आरंभी तो मागून घेतला, त्यांनाच लागू झाला. इतरांना धोक्याच्या जागी इशारा मिळे. डिसेंबरात 2.2 आवृत्तीने तो सर्वांवर बंधनकारक केला. ही मुदत माझ्या मते तोकडीच. गो भाषेने 2024 मध्ये लूपमधील चलाची हद्द बदलताना मात्र प्रत्येक प्रकल्पाने स्वतः नोंदविलेली आवृत्ती पाहूनच नवा अंमल बसविला. नोंद जुनी, तर कायदाही जुनाच.