गोड्या पाण्यातील पाकटांचे मत्स्यालय
दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणारे पाकट मासे घरी पाळण्यासाठी बांधलेली मोठी टाकी आणि तिला जोडलेली पाणी गाळण्याची, तापविण्याची व त्यात हवा सोडण्याची व्यवस्था. नेहमीच्या घरगुती मत्स्यालयाहून हे दोन बाबतींत वेगळे असते. टाकीची उपयुक्तता पाण्याच्या खोलीपेक्षा तळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि टाकीचा आराखडा आणलेल्या पिलाच्या नव्हे, तर पूर्ण वाढ झालेल्या माशाच्या आकारमानावरून करावा लागतो. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास मासा तरी मरतो किंवा मालकाला नकोसा होऊन जवळच्या नदीत वा तळ्यात सोडला जाण्याचा संभव निर्माण होतो.

प्राणी : पाकट हे शार्क माशांप्रमाणे उपास्थिमीन होत. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारे पाकट खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यातील असून मत्स्यालयात पाळले जाणारे पाकट पोटॅमोट्रायगॉनिडी कुलातील आहेत. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना इ. नद्यांच्या खोऱ्यांत ते आढळतात. सागरी पाकटांच्या रक्तात यूरियाचे प्रमाण मोठे असते व त्यामुळे समुद्राच्या पाण्याशी तर्षण समतोल राखला जातो. नदीतील या पाकटांनी यूरिया साठविण्याची ही क्षमता गमावली असल्यामुळे ते समुद्रात जगू शकत नाहीत. पोटॅमोट्रायगॉन मोटोरो (१८४१ मध्ये वर्णन) व शिंगू नदीतील काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला पोटॅमोट्रायगॉन लिओपोल्डी (१९७० मध्ये वर्णन) या दोन जाती मत्स्यपालकांत विशेष प्रसिद्ध आहेत. शरीर चकतीसारखे चपटे असून मासा बहुतेक वेळ तळाशी वाळूत अंग लपवून असतो. त्या वेळी डोळ्यांमागील श्वासरंध्रांतून तो पाणी आत घेतो. विक्रीस येणाऱ्या पिलाची चकती १०–१५ सेंमी. रुंद असते, तर वाढ झाल्यावर ती ४५ सेंमी. किंवा त्याहून अधिक रुंद होते. चांगल्या व्यवस्थेत तो दहा-पंधरा वर्षे वा त्याहून अधिक काळ जगतो. मादी जिवंत पिलांना जन्म देते. म्हणून नर-मादी एकत्र ठेवताना पिलांच्या जागेचाही विचार आधीच करावा लागतो.

टाकी : टाकीची रुंदी पूर्ण वाढलेल्या चकतीच्या सु. अडीचपट व लांबी सु. पाचपट असावी, म्हणजे माशाला कोपऱ्यात न अडकता वळता येते. या हिशेबाने ४५ सेंमी. चकतीच्या माशासाठी २·४ मी. लांब, १·२ मी. रुंद व ०·६ मी. पाणी राहील अशी टाकी लागते. तीत सु. १,७०० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचा भार दर चौ. मी. ला ६०० किग्रॅ. होतो. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या जमिनीसाठी धरला जाणारा चल भार साधारणपणे चौ. मी. ला २०० किग्रॅ. असतो. म्हणजेच अशी टाकी वरच्या मजल्यावर स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय ठेवणे धोक्याचे असते. तळमजल्यावर स्वतंत्र पाया घालून ती बांधणे श्रेयस्कर. तळाशी बारीक, गुळगुळीत वाळूचा पातळ थर पुरतो. अणकुचीदार दगड टाळावे लागतात. तापक उघडा ठेवल्यास त्यावर विसावणारा मासा भाजतो, म्हणून तो जाळीत किंवा गाळणीच्या उपटाकीत बसवितात.

पाणी : पाकट मांसाहारी असून गांडुळे, कोळंबी व माशांचे तुकडे भरपूर खातो. त्यामुळे पाण्यात अमोनियाही भरपूर मिसळतो. गाळणीतील जंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. या जंतूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासा आणू नये. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असावे, तापमान २५°–२९° से. आणि पीएच मूल्य ६ ते ७·५ असावे. साठलेला नायट्रेट कमी करण्यासाठी दर आठवड्यास एक-तृतीयांश ते निम्मे पाणी बदलतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकणे आवश्यक असते. इतर माशांच्या रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे पाकटांना घातक ठरतात.

घाटमाथ्यावरील योजना : स्थानिक हवामानाचा आराखड्यावर कसा परिणाम होतो, हे मावळ तालुक्यातील लोणावळ्याजवळच्या कुरवंडे परिसरावरून स्पष्ट होते. येथे वर्षाला सु. ४,००० मिमी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पावसाचे साठविलेले पाणी स्वच्छ, पण लवणे अत्यल्प असलेले असते. जंतूंच्या क्रियेत आम्ल तयार होते आणि अशा पाण्यात ते शमविणारी कार्बोनेटे नसल्यामुळे पीएच मूल्य एकाएकी घसरू शकते. याउलट बेसाल्ट खडकातील विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे अधिक असतात. पीएच मूल्य वाढले की अमोनियाची विषारी क्रियाही वाढते. यास्तव पावसाळा व उन्हाळा अशा दोन्ही ऋतूंत पाण्याची चाचणी करून, आवश्यक तर दोन्ही पाणी ठराविक प्रमाणात मिसळून, वर्षभर एकसारखे पाणी देण्याची तजवीज करतात. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५° से. च्या खाली जाते. बदलावयाचे ८६० लिटर पाणी १८° वरून २७° से. पर्यंत तापविण्यास सु. ९ युनिट वीज लागते. टाकीवर झाकण व बाजूंना उष्णतारोधक अस्तर असल्यास रोजचा खर्च कमी होतो. पावसाळी वादळात वीज खंडित झाल्यास प्रथम ऑक्सिजनाची उणीव भासते, म्हणून निदान हवेच्या पंपासाठी विद्युत् घटमालेची सोय असावी.

दंश : शेपटीवरील करवती दात्यांच्या काट्यावर विषारी आवरण असते. काटा गळून पडतो व त्याजागी नवा येतो. मासा स्वतःहून हल्ला करीत नाही. दाबला वा पकडला गेल्यास तो शेपटी उगारतो. दंश झालेला भाग सोसवेल इतक्या, म्हणजे सु. ४५° से. पर्यंतच्या, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडविल्याने वेदना कमी होतात, कारण उष्णतेने विषातील प्रथिनांचा नाश होतो. जखमेत काट्याचे तुकडे राहण्याचा व जंतुसंसर्गाचा संभव असल्याने वैद्यकीय उपचार घ्यावेच लागतात.

निर्बंध : २०२२ च्या नोव्हेंबरात ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेने लिओपोल्डीसह पोटॅमोट्रायगॉनाच्या सात जाती दुसऱ्या परिशिष्टात घातल्या, त्यामुळे त्यांच्या व्यापाराला निर्यातदार देशाचा परवाना लागतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. तिच्या चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते. खरेदीपूर्वी जातीची निश्चिती करून घेणे यामुळे अगत्याचे ठरते.

नद्यांना धोका : नको झालेला मासा नदीत सोडणे ही दया नव्हे. सिंगापूरमध्ये अप्पर सेलेटार जलाशयात मोटोरो जातीचे पाकट स्थायिक झाल्याचे २०१० मध्ये नोंदविण्यात आले. १९८२ मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयात पारानावरील ग्वाइराचे धबधबे बुडाले व तो नैसर्गिक अडसर नाहीसा होताच पाकट नदीच्या वरच्या भागात पसरले. तेथील कोळ्यांना त्यांच्या दंशाचा उपद्रव होऊ लागला. पारानाच्या खोऱ्यात हिवाळी गारठाही असतो. त्यामुळे सोडलेला मासा मावळातील थंडीने मरेल, असे गृहीत धरता येत नाही.

कुरवंडे येथे इंद्रायणी उगम पावते. देहू व आळंदी यांवरून वाहत जाऊन ती तुळापूर येथे भीमेस मिळते आणि भीमेवर पुढे उजनी जलाशय आहे. त्या जलाशयात चिलापी या परदेशी माशाने यापूर्वीच वर्चस्व मिळविले आहे. इंद्रायणीच्याच खोऱ्यात, लोणावळ्याच्या वळवण जलाशयाजवळ, १९७० नंतरच्या दशकापासून दख्खनी महसीर माशाची कृत्रिम पैदास करून त्याची पिले ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली जात आहेत. उगमापाशी सोडलेला एखादा परका मासा या सर्व प्रवाहाच्या वाटेवर असतो. म्हणून सांडपाण्याचा मार्ग नाल्यात न नेता जाळी लावून बागेच्या शोषखड्ड्यात न्यावा, आणि मासा ठेवणे अशक्य झाल्यास तो कोणाकडे सोपवावयाचा, हे टाकी बांधण्यापूर्वीच ठरवावे. एवढी जागा, वीज, पाणी व वर्षे देणे शक्य नसेल, तर पाकट न पाळणे हाच योग्य आराखडा होय.