कारण सापडले नाही, तरी उपचार आहेच

सत्तरीच्या एका आजींना वर्षभरात तीनदा सारखाच झटका आला. आधी तळहातांना खाज, मग अंगभर गांधी, घसा आवळल्यासारखा आणि शेवटी भोवळ. पहिल्या वेळी ‘पित्त उठले’ असे समजून घरच्यांनी आमसुलाचे पाणी चोळण्यात वेळ घालवला. माझ्या दवाखान्यात आणले तेव्हा नाडी जेमतेम हाताला लागत होती.

पुढे वांगे, शेंगदाणे, डाळी असे एकेक पदार्थ बंद झाले. आजी खंगल्या, झटके मात्र थांबले नाहीत.

या तीव्र ॲलर्जीला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. वेदनाशामक गोळी, कीटकदंश, गव्हाचे पदार्थ खाऊन लगेच केलेले श्रम, मटण खाल्ल्यावर काही तासांनी उमटणारी ॲलर्जी, अशी कारणे प्रथम तपासावी लागतात. झटक्यानंतर काही तासांत घेतलेली रक्तातील ट्रिप्टेजची चाचणीही उपयोगी पडते. एवढे करूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. तो रुग्णाचा दोष नव्हे, आणि त्यासाठी ताट रिकामे करण्याचेही कारण नाही.

कारण अज्ञात असले तरी तातडीचा उपचार एकच: ॲड्रिनॅलिन. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत देतात. गरज भासल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीच्या गोळ्या वा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. ‘म्हातारपणी हृदयाला सोसेल का?’ असे नातेवाईक विचारतात. अशा वेळी विलंबच अधिक घातक ठरतो.

रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप लागल्यास टेकून बसवावे, पण उभे करू नये, चालवू नये. १०८ला दूरध्वनी करावा. धावड्याहून जालना तासाभराहून अधिक दूर. म्हणून पहिले इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातच घ्यावे. लक्षणे काही तासांनी परतू शकतात, त्यामुळे देखरेखीखाली राहणे आवश्यक.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे ॲड्रिनॅलिनचा परिणाम कमी होतो, तर काहींमुळे ओठ व जीभ सुजते. आपल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. परस्पर बंद करू नयेत. वारंवार झटके येत असल्यास तज्ज्ञ प्रतिबंधक औषधे देतात. बहुतेकांचे झटके कालांतराने विरळ होतात.

आजींच्या सुनेने आता वही ठेवली आहे: काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, किती वाजता त्रास झाला. ॲड्रिनॅलिनची कुपी व सिरिंज उन्हापासून दूर ठेवलेली असते. इंजेक्शन कसे द्यायचे ते ती माझ्याकडून शिकली आहे. आजींच्या ताटात वांग्याची भाजी परत आली आहे.