गिरणगावातील जातिभेद आणि मद्यपान

अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या अभ्यासांत भेदभावाचा अनुभव व अतिमद्यपान यांचा संबंध मानसिक ताणाच्या आधारे स्पष्ट केला जातो. प्रस्तुत लेखात परळ-लालबागच्या गिरण्यांसंदर्भात या संबंधाचा विचार केला आहे.

येथील भेदभाव थेट मजुरीला भिडलेला होता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या भीतीने सवर्ण विणकर अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. साहजिकच अधिक मजुरीचे हे खाते त्यांना बंद राहिले आणि सूतखात्यातील कमी पगाराची कामे वाट्याला आली. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला.

मद्यपान मात्र कोणा एका जातीचे नव्हते. त्याचे कारण जातीच्या स्वभावात शोधणे हाही भेदभावच होय. तसेच, ताणामुळे माणूस मद्याकडे वळतोच असे म्हटल्यास पीडितांच्या स्वतःच्या प्रयत्नांचा विसर पडतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला व मुलाला जेवू घालू नका, असे बजावले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे.