अमृताची मुदत किती?

'विषामृत' हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी खेळलेला असेल. ज्याच्यावर राज्य, त्याने शिवून 'विष' म्हटले की गडी जागीच थिजतो; सवंगड्याने शिवून 'अमृत' म्हटले की पुन्हा धावू लागतो. नियम एवढाच. पण अमृत मिळताच त्याच क्षणी पुन्हा विष लागते की नाही, हे कोणी सांगून ठेवलेले नसते.

बेळगावातील आमच्या सरकारी शाळेच्या अंगणात एकदा यावरूनच रणकंदन माजले. निपाणीकडून पाचवीत नव्याने आलेला एक किरकोळ अंगाचा मुलगा म्हणे, "सर, आमच्याकडं अमृत दिल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत विष लागत नाही." येथील मुले म्हणत, "हितं तसलं काही नाही!" राज्य असलेला गडी त्याच्याशेजारीच दबा धरून राही आणि तो सुटताच पुन्हा शिवी. आम्ही न्यायाधीशाच्या थाटात निवाडा दिला, "जे आधी सांगितलेले नाही, ते नाही." दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या खांबाला टेकून एकटाच उभा दिसू लागला.

अभयाच्या शब्दांतील फट शोधण्याची आपली परंपरा जुनीच आहे. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही, असा वर हिरण्यकशिपूने मिळवला. नरसिंहाने तिन्हीसांजेला उंबरठा गाठला. तेथे शब्द पाळून अन्यायाचा पराभव झाला. आमच्या निवाड्याने शब्द पाळून दुबळ्याचा पराभव केला.

कबड्डीकारांनी ही फट बुजवली. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होतो, तोही बाद झाल्याच्या क्रमाने. 'अमर' प्रकारात गडी बाहेर जातच नाही, प्रतिपक्षास फक्त गुण मिळतो. नावे पुराणातली, पण अर्थ पक्का. अंगणातल्या खेळांना मात्र नियमपुस्तक नसते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांनी दिलेला, म्हणून अढळ वाटतो. दहा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते, की नियम सर्वांच्या संमतीने होतो आणि संमतीने बदलतोही.

त्याचा प्रत्यय आम्हांस आठवड्याभरातच आला. एके दुपारी वर्गातल्या एका मुलीने खांबापाशी जाऊन त्याला हाक मारली, "ये रे, तीनपर्यंत मोजूया." खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांनी मोठ्याने म्हटले, "अमृत तीन आकडे!" आमच्या निवाड्याची कोणी आठवणही काढली नाही.

सीमेवरच्या आम्हा मंडळींना एका रेघेचा, एका शब्दाचा अर्थ किती जड असतो, हे वेगळे सांगावयास नको. तरीही तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर आम्ही हे मुलांकडून शिकलो: नियमाचा अर्थ संदिग्ध असेल, तेव्हा तो कोणाला वाचवण्यासाठी केला गेला, हे आधी विचारावे. घरच्या अंगणात तंटा झाला, तर पालकांनीही निवाडा देण्याची घाई करू नये. मुलांना थोडा अवधी द्यावा. निदान तीन आकड्यांचा!