रेलचा दाब कमी? आधी पंपाला हात लावू नका

माल भरलेली पिकअप घाट चढताना अचानक दम सोडते. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी उचलत नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो पी ००८७, म्हणजे रेलमधील दाब कमी. मिस्त्री सांगतात, "भाई, पंप गेला." गाडीवाला उसनवार करून पंप बदलतो आणि आठवड्याने गाडी त्याच घाटात पुन्हा उभी राहते.

आमच्या ओळखीच्या एका पिकअपवाल्याचे असेच झाले. शेवटी दुसऱ्या उस्तादांनी दोष शोधला. टाकीपासून येणारा रबरी पाइप आतून मऊ पडला होता. ओढ वाढली की तो चपटा व्हायचा. किरकोळ पाइपासाठी पंपाचे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या गॅरेजवरचा विश्वास गेला. आमच्या कारागीर बंधूंसाठी म्हणूनच हा विषय घेतला आहे.

जुन्या डिझेल इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडे. बॉशची कॉमन रेल पद्धत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत आली आणि हिशेबच बदलला. आता रेलमध्ये १६०० बार आणि काही गाड्यांत २००० बारहून अधिक दाब असतो. कोड फक्त दाब कमी आहे एवढेच सांगतो. तो का कमी आहे, हे मिस्त्रीलाच शोधावे लागते.

सुरुवात टाकीकडून करा. फिल्टरमधील पाणी काढून पाहा. फिल्टर तुंबला आहे का, टाकीतील जाळी कचऱ्याने भरली आहे का, टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बंद आहे का, हे तपासा. फिल्टर ते पंप या भागात थोडा वेळ पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा ओढली जात आहे. संशय राहिला तर स्वच्छ कॅनमधून पंपाला डिझेल द्या. त्यावर गाडी नीट चालली तर दोष टाकी, पाइप किंवा फिल्टरमध्ये आहे. त्या पिकअपचा दोष याच चाचणीत सापडला.

मग स्कॅनरवर दोन आकडे एकत्र पाहा: इंजिनाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. आयडलवर दोन्ही जुळतात पण लोडवर फरक पडतो, तर बहुधा डिझेल पुरे पडत नाही. थंड गाडी सुरू होते, पण गरम झाल्यावर सेल्फ मारूनही होत नाही, तर आतल्या गळतीचा संशय घ्या. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या भागांतून जास्त निसटते. इंजिन बंद असताना रेलच्या सेन्सरचा आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर सेन्सर किंवा वायरिंग तपासा.

तिसरी बाटली टेस्ट. प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न सारख्या आकाराच्या वेगळ्या बाटलीत सोडा आणि ठरावीक वेळ इंजिन चालवा. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमले तर तो इंजेक्टर गळतो. पिएझो इंजेक्टर असेल तर ही चाचणी कंपनीच्या पद्धतीनेच करा. रेलच्या टोकाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा रिटर्नही पाहा. नेहमीच्या दाबाला तिथून डिझेल येता कामा नये.

हे सगळे ठीक निघाले तर मीटरिंग व्हॉल्व्ह आणि शेवटी पंप. फिल्टरमध्ये चकाकणारा धातूचा कीस दिसला तर पंप झिजला आहे. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, पाइप, रेल आणि इंजेक्टर साफ केले नाहीत तर तोच कीस नवा पंप खाईल.

एक गोष्ट जिवाची. जुन्या गाडीत चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करून सिलिंडर ओळखण्याची सवय अनेकांच्या हातात आहे. कॉमन रेलवर हे कदापि करू नका. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावर स्कॅनरवर दाब उतरल्याचे पाहूनच पाइप खोला. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून फक्त सुई टोचल्यासारखे दिसते, दुखतेही कमी, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर घरगुती उपाय न करता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगा.

तपासणीला तास-दोन तास लागतात. त्याची मजुरी आधीच सांगून घ्या, त्यात लाज कसली? गाडीवाल्याला बाटल्या दाखवा, कापलेला फिल्टर दाखवा. जे डोळ्यांनी दिसते त्याचे पैसे गिऱ्हाईक कुरकुर न करता देते, आणि पुढच्या वेळी आपल्या भावाची गाडीही तुमच्याकडेच आणते.