माजघरापलीकडे नेट न्यायचे आहे?

मैत्रिणींनो, फायबरवाला घरी येतो तेव्हा तो वायफायची डबी कुठे बसवतो, हे कधी लक्ष देऊन पाहिले आहेत का? रस्त्यावरच्या खांबावरून तार घरात शिरते ती पुढच्या बाजूने. जिथे शिरते तिथेच, म्हणजे ओसरीवर नाहीतर बैठकीत टीव्हीच्या शेजारी, तो डबी ठोकून मोकळा होतो. आल्यागेल्या पाहुण्यांच्या मोबाईलला झकास रेंज मिळते. पण जिथे आपले शिवणयंत्र असते, मुलीचे अभ्यासाचे टेबल असते, हिशेबाच्या वह्या आणि हल्ली संगणकही असतो, त्या मागच्या खोलीत नेट नेमके मान टाकते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा कितीतरी मुली मोबाईल घेऊन गच्चीवर नाहीतर अंगणात बसलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. शाळा पुन्हा उघडल्या, पण मागच्या खोलीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मोबाईलचे एक बरे असते, तो उचलून पुढच्या खोलीत नेता येतो. खरी पंचाईत होते ती जागचे न हलणाऱ्या वस्तूंची. जुना डेस्कटॉप, ऑफिसातून स्वस्तात मिळालेला प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, थोडा जुना टीव्ही. यांतल्या कितीतरी वस्तूंना वायफाय कळतच नाही. पाठीमागे लॅनच्या वायरीचे चौकोनी भोक तेवढे असते. वायर लावा, मी चालतो, असा त्यांचा सरळ हिशेब.

आमचे लासलगाव म्हणजे कांद्याचे गाव. १९४७ पासून इथे बाजार समिती आहे, आणि आडत, वाहतूक, खतांचे दुकान अशा नाना धंद्यांचे हिशेब कितीतरी घरांत बायकाच सांभाळतात. ओळखीतल्या अशाच एका घरची गोष्ट सांगते. सूनबाई मागच्या खोलीत डेस्कटॉपवर दुकानाची बिले आणि जीएसटीचे काम करतात. महिन्याची तारीख जवळ आली की संगणक उचलून बैठकीत न्यायचा, सोफ्यावर मांडायचा, पाहुणे आले की झाकून ठेवायचा, असे वर्षभर चालले होते. शेवटी वायरमनला बोलावले. तो घर फिरून म्हणाला, "वहिनी, तीन भिंतींना भोकं पाडावी लागतील." घर जुने, भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फुटी, आणि मधली भिंत देवघराची. सासूबाईंनी आतूनच सांगितले, "देवांच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही, आधीच सांगून ठेवते." झाले! वायरमन चहा पिऊन गेला.

अशा घरासाठीच 'वायरलेस ब्रिज' नावाची सोय आहे. ब्रिज म्हणजे पूल. काम नावाप्रमाणेच. एक छोटी डबी पुढच्या वायफायशी हवेतून बोलते आणि तिच्या पाठीतून साधी लॅनची वायर निघून संगणकाला जाते. संगणकाला वाटते, आपल्याला पुढच्या खोलीतून थेट वायरच आली आहे. भिंत फोडावी लागत नाही.

बाजारात मात्र जरा सांभाळून. दुकानात "आतल्या खोलीत रेंज येत नाही" म्हटले की हातात रिपीटर ठेवतात. रिपीटर ऐकलेले पुन्हा मोठ्याने सांगतो, म्हणजे वायफायच लांबवतो. ऐकायलाही हवा तीच आणि सांगायलाही तीच, म्हणून साध्या रिपीटरमागे वेग जवळजवळ निम्मा होतो. ब्रिजला हवेतून एकदाच बोलावे लागते, पुढचे काम वायर करते. मोबाईलला रेंज हवी असेल तर रिपीटर ठीक आहे, वायरीच्या वस्तूंसाठी ब्रिज मागावा. दोन हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या कित्येक साध्या राऊटरांत ही सोय असते, पण खोक्यावर 'क्लायंट मोड', 'ब्रिज' किंवा 'डब्ल्यूडीएस' यांपैकी काहीतरी छापलेले आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. काही रिपीटरांनाही लॅनचे भोक असते, तेही चालून जातात.

आता एक गंमत. वायफायवर जाणारे प्रत्येक टपाल पत्ते लिहूनच जाते, पण १९९७ साली वायफायचे जे मूळ नियम ठरले त्यांत रोजच्या टपालावर तीनच पत्ते लिहायची रीत आहे. मागच्या खोलीतला संगणक पुलाआडून बोलू लागला की चौथ्या पत्त्याची गरज पडते आणि पुढचा राऊटर गोंधळतो, "हा कोण? याला मी ओळखत नाही." यावर दोन तोडगे आहेत. पहिला 'डब्ल्यूडीएस', यात दोन्ही डब्या चार पत्ते लिहायचे आपसात ठरवतात. पण हे ठरवणे कंपनीकंपनीचे निराळे असते, म्हणून दोन डब्या एकाच कंपनीच्या असतील तर बरे. दुसरा तोडगा आपल्या ओळखीचा आहे. माहेरी राहून शिकणाऱ्या भाचीचे पत्र कसे येते? 'द्वारा' म्हणून मामांचे नाव घालून! ब्रिजची डबीही तसेच करते. मागच्या सगळ्या वस्तूंचे टपाल स्वतःच्या नावावर घेते आणि आत वाटून देते. पुढच्या राऊटरच्या यादीत संगणक आणि प्रिंटर एकाच डबीच्या नावावर दिसले, तर घाबरू नये. ती 'द्वारा'ची करामत असते.

डबी बसवताना सुरुवातीला तिला पुढच्या खोलीतच, मुख्य राऊटरजवळ ठेवावे. मुख्य राऊटरच्या पोटाखाली चिठ्ठी असते. तिच्यावरचे वायफायचे नाव, पासवर्ड आणि पत्ता वहीत उतरवून घ्यावा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो (संगणकावर हे आकडे इंग्रजीत टाइप करायचे, बरे का). कोणी पूर्वी बदलले असतील तर घरात विचारून घ्यावे. मग नवी डबी वायरीने संगणकाला जोडून, तिच्याबरोबरच्या कागदावरचा पत्ता ब्राऊझरमध्ये लिहिला की तिचे पान उघडते. आल्याआल्या तिचा मूळ पासवर्ड बदलून टाकावा, कारण तो त्या कंपनीच्या डब्यांवर साऱ्या गावात एकच असू शकतो. नंतर 'ऑपरेशन मोड'मध्ये क्लायंट किंवा ब्रिज निवडायचे, घरच्या वायफायचे नाव शोधायचे, त्याचा पासवर्ड भरायचा. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' वायफाय वेगळे असेल तर ते निवडू नये. त्यात एका वस्तूला दुसरी दिसू द्यायची नाही अशी व्यवस्था बहुधा असते, मग संगणकाला प्रिंटर सापडत नाही आणि आपण उगीच प्रिंटरला दोष देतो.

बहुतेक जणी अडकतात त्या पुढच्या दोन गोष्टींत. दवाखान्यात नंबर देणारा कंपाउंडर एकच असतो. दोघे नंबर देऊ लागले तर पाच नंबरचे दोन पेशंट उभे राहतील आणि भांडण होईल. घरातल्या वस्तूंना नंबर वाटायचे हे काम डीएचसीपी करतो आणि ते मुख्य राऊटरकडेच राहायला हवे. नव्या डबीतला डीएचसीपी बंद करावा. काही डब्या ब्रिज मोड घेताच तो आपोआप बंद करतात, तरी एकदा पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट, नव्या डबीचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटरच्याच ओळीतला, पण निराळा हवा. मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर हिला १९२.१६८.१.२५० द्यावा. मुख्य राऊटर वाटत असलेल्या नंबरांत हा २५० येत नाही ना, तेही बघावे. हा आकडा वहीत लिहून ठेवला नाही तर पुढे त्या डबीचे पान पुन्हा उघडताना फार शोधाशोध होते.

यानंतर वायर सहसा डबीच्या लॅनच्या भोकात लावायची. निराळ्या रंगाचे जे एकटे भोक असते ते वॅनचे, त्याच्या वाट्याला जाऊ नये. राऊटरजवळच नेट चालू झाले की मगच डबी मागे न्यावी. पुष्कळ जणी डबी आधीच मागच्या खोलीत नेतात आणि मग चूक सेटिंगची की रेंजची, याचा पत्ता लागत नाही.

डबी कुठे ठेवावी? जिथे रेंज नाही तिथे मुळीच नको! जिथवर रेंज चांगली येते त्या शेवटच्या जागी ठेवावी आणि उरलेले अंतर वायरीने जावे. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत नीट काम करते, आपल्या घराला तेवढी कधीच लागत नाही. वेळ काढून मोबाईल हातात घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक खोलीत वेग मोजावा. भिंतीतून जाण्यापेक्षा लहरींना उघडे दार फार आवडते. एका ताकाची डबी स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर जाते, तर दुसरीची जिन्याच्या वळणावर. लोखंडी कपाटामागे, फ्रिजवर, मोठ्या आरशाआड, पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नये, आणि वर पत्रे असतील तर त्यांच्या पलीकडे रेंज जाईल ही आशा सोडावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. त्यामुळे तो सुरू झाला की शेजारची डबी चाचरते.

हा २.४ चा आकडा डबीवर दिसतो, तसाच ५ चाही. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांब, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी मोठी. ५ ची त्याच्या निम्मी. ५ ला वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. जुन्या घरात म्हणूनच २.४ बरी. तीत मुख्य राऊटरचे चॅनेल 'ऑटो'वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांतले शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल ते ठरवून टाकावे. नाहीतर राऊटर मध्येच चॅनेल बदलतो आणि काही पूल तुटतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये तारेविना भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. मग आपली डबी दोन भिंतींना का अडते, असे मला वर्गातल्या एका मुलीने विचारले होते. प्रश्न चांगला होता. उत्तर असे की, लहर भिंतीतून जाते, पण प्रत्येक भिंत आपला वाटा काढून घेते. घंटा वाजवायला थोडी उरली तरी पुरे होते, आपल्याला मात्र त्या उरलेल्या लहरीतून मुलीचा तास नाहीतर रिटर्नची फाईल सबंध हवी असते.

त्या सूनबाईंची डबी अखेर माजघराच्या दारावर, जुन्या घड्याळाच्या खुंटीशेजारी बसली आणि तिथून छताच्या तुळईला धरून वायर मागे गेली. भोके शून्य. संगणक सोफ्यावर नेणे बंद झाले, ही सोय झालीच. पण रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर स्वतःच्या टेबलावर दार लोटून काम करता येते, हे त्यांना जास्त मोलाचे वाटते, आणि मलाही. मला आणखी एक आवडले. वायफायचा, डबीचा आणि दुकानाच्या खात्याचा, तिन्ही पासवर्ड त्यांच्या स्वतःच्या वहीत आहेत. कितीतरी घरांत नेट अडले की "अहो घरी आले की बघतील" किंवा "दादा कॉलेजातून आला की करेल" असे चालते. पासवर्ड माहीत नसलेल्या बाईला आपल्याच घरात नेटसाठी विचारत फिरावे लागते.

दिवे गेले की दोन्ही डब्या बंद पडतात, हे ध्यानात ठेवावे. छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट वाचूनच घ्यावा. कुठे बारा असतात, कुठे नऊ, कुठे पाच.

शेवटी कांदाचाळीविषयी, कारण आपल्या भागात हा प्रश्न हमखास येतो. उन्हाळ कांदा भरला की दिवाळीपर्यंत चाळीवर नजर ठेवावी लागते, भाव चढले की जास्तच. मग चाळीत कॅमेरा येतो आणि घरापासून तिथवर अंगणातून वायर ओढली जाते. ही उघड्यावरची तांब्याची वायर मला पसंत नाही. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्याच वायरीने घरात येतो आणि राऊटर, संगणक, टीव्ही एका दमात जातात. इथेही पूलच बरा, मात्र घरातल्या डबीने भागत नाही. बाहेर लावायच्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन डब्यांची जोडी मिळते, बहुधा ५ गिगाहर्ट्झची. एकेकाळी साधा रेडिओ ऐकायलाही पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. वायफायचे तसे नाही. केंद्र सरकारने २.४ चा पट्टा २००५ साली विनापरवाना केला आणि ५ चा मोठा पट्टा २०१८ साली. ठरलेल्या ताकदीच्या आतली डबी असली की कोणाला विचारावे लागत नाही. जोडी वळचणीखाली बसवावी, पत्र्याच्या टोकावर उंच काठीला नको, आणि आकाश गडगडू लागले की दोन्हीकडचे प्लग काढावेत. दोघींच्या मध्ये झाड येता कामा नये. उन्हाळ्यात बसवलेली जोडी जुलैत अडखळू लागली तर आधी अंगणातला कडुलिंब पाहावा. पाने फुटून फांदी आडवी आली असेल तर तेवढी छाटून घ्यावी.