गाढवाचा सद्गुण

महाराष्ट्र शासनाने १९७९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. वसंत मून त्याचे संपादक. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ याच खंडात आहे, त्यामुळे तो अनेकांच्या कपाटात असतो, आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. पुढे भाषावार प्रांतरचनेवरचा मजकूर आहे. १९४८ चं एक निवेदन, १९५३ चा वर्तमानपत्रातला एक लेख, १९५५ चं एक छोटं पुस्तक. माणूस तोच, विषय तोच. पण निवेदन वाचून पुस्तक हातात घेतलं की आपण चुकून दुसऱ्याच लेखकाचं पान उघडलं की काय असं वाटतं.

१९४८ चं निवेदन भाषावार प्रांतांसाठी नेमलेल्या दार कमिशनपुढे दिलेलं. त्यात आंबेडकरांची मागणी साधी होती: मराठी भाषकांचा एकच प्रांत, आणि मुंबई त्या प्रांतातच. मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद त्यांनी वकिली चिकाटीने एकेक करून खोडले. सात वर्षांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’मध्ये हेच गृहस्थ म्हणतात की मराठी मुलखाची चार राज्यं करा. मुंबईचं स्वतंत्र नगरराज्य, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा मध्य महाराष्ट्र आणि विदर्भाचा पूर्व महाराष्ट्र.

आजचा मथळा काय झाला असता हे सांगायला नको. ‘घूमजाव’ हा शब्द मराठी पत्रकारितेने कायमचा जुळवून ठेवलेला आहे, फक्त नाव बदलायचं. घरातही वेगळं नाही. वाद हरत आला की ‘पण तूच म्हणाला होतास ना?’ हे शेवटचं हत्यार बाहेर निघतं, आणि ते लागतंच, कारण समोरचा खरोखरच तसं म्हणालेला असतो.

आंबेडकरांना हे ठाऊक होतं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात बसून २३ डिसेंबर १९५५ या तारखेने त्यांनी पुस्तकाला जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात हा आरोप कुणी करायच्या आधीच घेतला. माझी काही मतं पूर्वीपेक्षा वेगळी दिसतील, असं ते सांगून टाकतात. पूर्वी बोललो तेव्हा माहिती तुटक होती, आता राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाने सगळा नकाशा समोर आला. आणि मग विरोधकांसाठी खास एक फटका: सुसंगती हा गाढवाचा सद्गुण आहे असं इमर्सन म्हणतो, आणि मला गाढव व्हायचं नाही.

इमर्सनच्या १८४१ च्या निबंधात गाढव नाही. तिथे सुसंगतीला क्षुद्र मनांना पछाडणारं भूत म्हटलं आहे, आणि तेही सरसकट सुसंगतीला नव्हे, मूर्खपणाच्या सुसंगतीला. हे विशेषण गाळून इमर्सनची साक्ष काढणारे बरेच असतात. आंबेडकरांनीही इथे ते गाळलं. पण त्याची भरपाई त्यांनी पुढच्याच ओळींत केली, आणि माझ्या मते सगळ्या प्रस्तावनेतली तीच खरी जागा आहे. सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी, असं ते म्हणतात. जबाबदार माणसाला शिकलेलं विसरता आलं पाहिजे. मात्र त्यासाठी कारण सबळ आणि पुरेसं हवं. म्हणजे मत बदलायची मुभा आहे, पण कारण दाखवण्याच्या अटीवर.

मग कारण दाखवलं का? इथे मधला, १९५३ चा लेख कामाला येतो. त्या वर्षी आंध्र राज्य होत होतं, आणि भाषिक राज्य प्रत्यक्षात कसं दिसतं हे पहिल्यांदाच कळणार होतं. आंबेडकरांना त्यात भाषेच्या आत दडलेली जात दिसली. एका भाषेच्या मोठ्या राज्यात संख्येने आणि जमिनीने बळकट असलेल्या एकदोन जाती सगळी सत्ता घेतील आणि गावकुसाबाहेरचा माणूस कुठल्याच हिशेबात राहणार नाही, ही ती भीती. राज्यघटना जाळायला मीच पहिला पुढे येईन, हे त्यांचं राज्यसभेतलं वाक्य अनेकदा संदर्भ सोडून फिरवलं जातं. तेही २ सप्टेंबर १९५३ चं, आंध्र राज्याच्या विधेयकावरच्या चर्चेतलं. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालाला अधिकार असावेत की नाहीत, हा तेव्हाचा वाद होता.

१९५५ मध्ये ही भीती हिशेबात उतरली. एका राज्यात एकच भाषा असावी हे त्यांना मान्यच होतं. एका भाषेचं एकच राज्य असावं हे मात्र त्यातून निघत नाही, असं त्यांनी मांडलं. राज्य लहान असलं तर दुबळ्यांवरचा दाब कमी राहतो. निजामाच्या राजवटीत मागे पडलेल्या मराठवाड्याला पुणे-सातारा-नाशिकच्या पंगतीत बसवलं तर त्याच्या पानात काय पडणार, हा त्यांचा प्रश्न मराठवाड्यात आजही कुणाला परका वाटणार नाही. उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहार, मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग करा, असंही त्यांनी सुचवलं होतं. २००० साली या तिन्ही राज्यांतून नवी राज्यं निघालीच, जरी सीमा आणि कारणं त्यांच्या नव्हती. आणि एक गोष्ट सातही वर्षं हलली नाही. राज्याची राजभाषा केंद्राचीच असावी, हे १९४८ मध्येही होतं आणि १९५५ मध्येही. सगळंच फिरलं असतं तर वाऱ्यावर शंका घ्यायला जागा होती. इथे तर वारा नेमका उलट होता. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही हाक उठलेली असताना मुंबईच्या वेगळ्या राज्याची शिफारस करून कुणाला टाळ्या मिळणार होत्या?

मग दांभिक म्हणायचं कुणाला? याच खंडात आंबेडकरांचं १८ जानेवारी १९४३ चं पुण्यातलं भाषण आहे, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीचं. रानड्यांच्या मोठेपणाची बाजू त्यात त्यांनी आवेशाने मांडली आहे. आणि दांभिकतेच्या आरोपाचं मराठीतलं सगळ्यात टोचणारं उदाहरणही रानडेच. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीतले. आता हे विधवेशी लग्न करणार, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण उठलं आणि त्यांनी प्रायश्चित्तही घेतलं.

इथे गंमत पाहा. रानड्यांचं मत बदललंच नव्हतं. विधवाविवाह योग्यच, असं ते लग्नाआधी म्हणत होते आणि लग्नानंतरही. मत बदलतं तर त्यांच्यावर आरोपच आला नसता, कुणी फार तर सनातनी म्हटलं असतं. दंभाचा डाग लागतो तो मत जागच्या जागी असताना पाऊल दुसरीकडे पडल्यामुळे. आपण मात्र हा डाग मत बदलणाऱ्याच्या सदऱ्यावर शोधत बसतो. (त्या अकरा वर्षांच्या मुलीला रानड्यांनी शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली, पुण्याच्या सेवासदनाचा कारभार तिने चालवला. म्हणून १८७३ चं लग्न बरोबर ठरत नाही. पण रानड्यांना एका शब्दात निकालात काढणंही अवघड होतं.)

गांधीजींनी याच पेचावर वेगळा तोडगा काढला होता. १९३३ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी वाचकांना सांगितलं की माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा धरा. त्यांना याची गरज होतीच. १९२० च्या सुमारास जातीबाहेरच्या रोटी-बेटी व्यवहारावरच्या बंधनांचं समर्थन करणारे गांधी १९४० च्या दशकात, वधूवरांपैकी एक जण अस्पृश्य मानलेल्या समाजातला नसेल तर लग्नाला आशीर्वादच देईनासे झाले. प्रवास मोठा आहे आणि लपवलेला नाही. तरी त्यांचा नियम मला मृत्युपत्रासारखा वाटतो. शेवटचं तेवढं खरं, आधीची रद्द, कारण विचारू नका. इस्टेटीसाठी हे ठीक आहे. पण मधल्या वीस वर्षांत ज्यांनी पहिलं मत प्रमाण मानून मुलांची लग्नं मोडली, त्यांचं काय?

हा प्रश्न आंबेडकरांनाही चुकला नाही. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. माणसं दारांपुढे बसली, तुरुंगात गेली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड खाल्ले. ३ मार्च १९३४ च्या पत्रात आंबेडकर भाऊराव गायकवाडांना लिहितात की मंदिरप्रवेशाची चळवळ आता नको. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ती मी सुरू केलीच नव्हती, त्यांच्यात चेतना यावी म्हणून केली होती. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्याच जिल्ह्यातल्या येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. दगड खाल्लेल्या एखाद्या सत्याग्रहीला ते कारण मागाहून सुचलेलं वाटलं असेल का? वाटलं असणं शक्य आहे. पण कारण लेखी होतं, आणि ज्याच्या खांद्यावर सत्याग्रहाचं ओझं होतं त्यालाच लिहिलेलं होतं.

हरियाणाचे आमदार गयालाल यांनी १९६७ मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला दिला. त्यांना या रांगेत बसवण्यात अर्थ नाही. तिथे बदलायला मत होतं कुठे? आपल्याकडे आता ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे एकच कारण सगळ्यांना पुरतं, आणि कोणत्याही दिशेला जाताना चालतं.

१९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष तिच्यात सामील होता, म्हणजे पक्ष मुंबईसह एका महाराष्ट्रासाठी रस्त्यावर आणि पक्षाच्या नेत्याचं नवंकोरं पुस्तक चार राज्यं मागणारं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. १ मे १९६० ला एकच राज्य झालं. त्या राज्याच्या सरकारने एकोणीस वर्षांनी, स्वतःचे चार तुकडे सुचवणारं ते पुस्तक सरकारी खर्चाने छापलं, १९४८ च्या निवेदनासह, एकाच बांधणीत.